सल्ला सहीच्या आधी हवा

मालवणच्या किनाऱ्यावर घरोघरी आमसुले वाळतात, आगळ भरले जाते, खाजे तयार होते. कष्टाला कमतरता नाही. पण शहरातल्या व्यापाऱ्याशी व्यवहार ठरतो तो तोंडी, नाहीतर न वाचता सही केलेल्या कागदावर. पैसे थकले की, 'वकील आपल्याला कुठला परवडायचा?' असे म्हणून घरची बाई गप्प बसते.

वस्तुतः कायदा तिच्या बाजूचा आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, हा हक्क दिला. त्यात खटला चालवणेच नव्हे, तर कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्लाही येतो. शिवाय २००६ च्या सूक्ष्म व लघुउद्योगविषयक कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत चुकते करायचे असतात. पुढे चक्रवाढ व्याज लागते.

मग अडते कुठे? मोफत साहाय्य म्हणजे भांडण कोर्टात गेल्यावरचा वकील, ही आपली समजूत आड येते. गरिबाच्या धंद्याला वकील हवा तो करारावर सही करण्यापूर्वी. पैसे बुडाल्यावर मिळणारा न्याय भांडवल संपलेल्या घराला किती उपयोगी?

म्हणून जिल्हा प्राधिकरणाने ओरोसच्या कचेरीत वाट न पाहता आठवडी बाजारात सल्लागार बसवावा. आणि आपण? विधी स्वयंसेवक विद्यार्थ्यांनाही होता येते. शेजारणीचा एक करार तिला नीट वाचून दाखवणे, हेही आपल्या शिक्षणाचे सार्थकच नव्हे काय?