नुसतं ‘सगळं ठीक होईल’ नको

१ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक, बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. कागदोपत्री एक दिवस. तिन्हींच्या संगणक-यंत्रणा एक व्हायला पुढे दीड वर्षाहून अधिक काळ गेला. असा मधला काळ सांभाळायचा असतो तो टीमच्या प्रमुखाने.

माझी धाकटी बहीण अंधेरीच्या एका कंपनीत सात जणांची प्रमुख. तिथे दोन विभाग एकत्र झाले, तेव्हा ती हसतमुखाने म्हणाली, “सगळं ठीक होईल.” कुणी मान वर केली नाही. घरी अब्बा म्हणाले, “बेटा, त्यांना बदलीची धास्ती आहे. आधी ते वरती विचारून ये.” तिने विचारलं. दोघांना मुलुंडला जावं लागणार होतं. त्यांना तिने वेगवेगळं बसवून, चहा मागवून सांगितलं. तेव्हापासून मंडळी तिच्याशी बोलतात, भांडतातही. (आमच्या घरात तरी भांडण हे चांगलंच लक्षण!)