मेस्सीसोबत फोटो निघाला, पण पुढं काय? कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं करिअर बघितलं की गणित कळतं

समजा, कळमनुरीतलं एक बारा वर्षांचं पोरगं आहे. शाळेच्या मैदानावर सगळे क्रिकेट खेळत असताना हे आपलं फुटबॉलच्या मागं पळतंय. अशा पोराच्या घरी डिसेंबर २०२५ मध्ये चर्चा झाली असणार. कारण १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला आणि त्याच कार्यक्रमात राज्य सरकारचा ‘प्रोजेक्ट महादेवा’ गाजला. राज्यभरातून १३ वर्षांखालील ३० मुलं आणि ३० मुली निवडायच्या, त्यांना पाच वर्षं स्कॉलरशिप आणि ट्रेनिंग द्यायचं, अशी ही योजना.

योजना चांगलीच आहे. पण घरच्यांचा प्रश्न साधा असतो. पाच वर्षांनी पोरगं सतरा-अठराचं होईल, मग काय?

याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवकडं बघितलं तरी पुरे.

अनिकेतचा जन्म २००० सालचा. वडील रिक्षा चालवायचे. आता कोल्हापूर म्हणजे पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. पेठापेठांतली ही ईर्ष्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये उतरते. तिथं फुटबॉल खेळणाऱ्या पोराला कोणी येडा म्हणत नाही. कळमनुरीच्या पोराच्या मागं अशी पेठ नाही, हा पहिला फरक. तरी अनिकेतलाही गाव सोडावंच लागलं. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि तिथून भारताच्या संघात गेला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात अंडर-१७ वर्ल्डकप झाला. त्याआधी महिनाभर राज्य सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते आणि १५ सप्टेंबरला अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांना मैदानात उतरवलं होतं. तेव्हाही वातावरण आत्तासारखंच होतं. भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडून हरला, पण फिफाच्या कुठल्याही वर्ल्डकपमध्ये खेळणारा तो भारताचा पहिला संघ होता आणि त्यात आपला अनिकेत फॉरवर्ड होता.

पुढच्याच महिन्यात इंडियन ॲरोजनं आय-लीगमधल्या पहिल्या मॅचमध्ये चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. वय १७. २०१९ मध्ये तो ट्रेनिंगसाठी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं गेला. हा क्लब पुण्याच्या वेंकीज ग्रुपच्या मालकीचा आहे बरं का. परत आला आणि आयएसएलमध्ये जमशेदपूरकडून खेळायला लागला.

इथपर्यंत सगळं सिनेमासारखं वाटतं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

जमशेदपूरमध्ये २०२०-२१ ला त्याच्यासोबत कोण होतं? लिथुआनियाचा वाल्सकिस, आदल्या सीझनचा गोल्डन बूट विजेता. २०२१ मध्ये अनिकेत हैदराबादला गेला. तिथं नायजेरियाचा ओगबेचे होता, त्यानं त्या सीझनला १८ गोल मारले. मग ओडिशा. तिथं ब्राझीलचा दिएगो मॉरिसिओ आणि फिजीचा रॉय कृष्णा. म्हणजे पोरगं जाईल तिथं गोलपोस्टसमोरची जागा आधीच भरलेली.

याला अनिकेतचं नशीब म्हणू नका. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून अकरा जणांत जास्तीत जास्त चार विदेशी खेळवता येतात. क्लब हे चार जण कुठं वापरणार? जिथं मॅच जिंकली जाते तिथं, म्हणजे पहिला नंबर स्ट्रायकरचा. भारतीय फॉरवर्ड मग विंगला सरकतो, त्यानं पळायचं, क्रॉस द्यायचा, नाहीतर सत्तराव्या मिनिटाला मैदानात उतरायचं. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत आयएसएलचे अकरा सीझन झाले, गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळाला नाही.

अनिकेतनं मिळालेल्या संधीत कमी केलं असं नाही. २०२१-२२ ला हैदराबाद चॅम्पियन झालं, तेव्हा तो संघात होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओडिशानं कोलकात्यात जाऊन मोहन बागानला एएफसी कपमध्ये ५-२ हरवलं, त्यातही त्याचा एक गोल होता.

आता याचा फटका देशाला कसा बसतो बघा. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये भारतीय संघातून रिटायर झाला. नऊ महिन्यांत, मार्च २०२५ ला, वयाच्या चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं, कारण गोल मारणारंच कोणी नव्हतं. त्या सीझनला आयएसएलमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारा भारतीयही तोच होता, १४ गोल. पुढं ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ हरून भारत आशिया कपच्या शर्यतीतून बाहेर पडला. छेत्रीचं कौतुक करावं तेवढं थोडंच, पण त्याच्या मागं रांग का नाही, हे विचारायला पाहिजे.

आणि जागा मिळाली तरी क्लब टिकेल याची खात्री नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं. तेच चॅम्पियन हैदराबाद २०२५ मध्ये उचलून दिल्लीला नेलं, नावही बदललं. ओडिशा एफसी तर आधी दिल्लीचाच क्लब होता. एसटीची बदली परवडली.

त्यात जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा सीझनच थांबवला गेला. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार संपत आला होता, नवा ठरत नव्हता. छेत्रीच्या बंगळुरू एफसीनं खेळाडूंचे पगार थांबवले. नवा पार्टनर शोधायला टेंडर काढलं, तर एकही बोली आली नाही. ८ डिसेंबरला करार संपला आणि सहाच दिवसांनी वानखेडेवर मेस्सी. छेत्रीही त्या मैदानावर होता, तेव्हा त्याच्या लीगचा पत्ता नव्हता. शेवटी जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी २०२६ ही तारीख जाहीर केली.

म्हणून कळमनुरीच्या पोरानं ट्रायल देऊ नये असं अजिबात नाही. जरूर द्यावी. पुण्यापासून चारशेहून जास्त किलोमीटर लांबच्या पोराला सरकार स्वतःहून शोधत येतंय, हे आधी होत नव्हतं. फक्त निवड झाली की घरच्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. ट्रेनिंगसोबत शाळा कुठली आणि परीक्षेचं काय? आणि पाच वर्षांनी पोराला खेळवणारा क्लब कोणता? पहिल्याचं उत्तर योजनेकडं मागता येईल. दुसऱ्याचं फेडरेशननं द्यायचं आहे.

२०१७ मध्ये शाळेत वाटलेल्या फुटबॉलमागं पळणारी सहावीतली पोरं आज विशीत आहेत. त्यातली किती जण अजून खेळतायत, हे कळमनुरीत असाल तर तुम्हीच कमेंटमध्ये सांगा.