चावडीपूर्वीची पायरी

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत तंटा उद्भवला की तो बहुधा प्रथम चारचौघांत जातो. शासनाने 2007 साली आरंभिलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनेही तो समितीपुढेच आणला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायाने ख्रिस्ती बांधवांच्या अपराधाबाबत निराळा क्रम सांगितला आहे. आधी एकट्याने जाऊन दोष दाखवावा, न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावेत, त्यानंतरच मंडळीला कळवावे. अपराध्याची अब्रू शक्य तोवर राखणारी ही रीत आहे. तरीही न ऐकणाऱ्यास जकातदारासारखे मानावे, असे तेथे म्हटले आहे खरे; पण हे सांगणारा येशू जकातदारांच्याच पंक्तीस बसत असे, याचा बहिष्कारप्रेमींना सोयीस्कर विसर पडतो. महाराष्ट्रात तर सामाजिक बहिष्कार 2017 पासून कायद्याने गुन्हा आहे.

मात्र या शिकवणीच्या आडोशाने गुन्हा झाकता येणार नाही. उसनवारीचा वाद खुशाल घरात मिटावा. बालकावरील लैंगिक अत्याचार मिटविण्याचा अधिकार ना मंडळीला, ना पंचांना. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून ती दडपणाऱ्यास, मग तो धर्मगुरू असो वा सरपंच, शिक्षेची तरतूद आहे.