सिस्टरचे म्हणणे ऐका

रुग्ण बरा होऊन घरी निघाला की पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या टेबलावर येतो. सिस्टरच्या वाट्याला मात्र रात्रभर ‘सिस्टर, सलाईन संपलं’ एवढीच हाक! राउंडच्या वेळी आम्ही डॉक्टर रुग्णापाशी फार तर पाच-दहा मिनिटे थांबतो. उरलेला दिवस आणि सबंध रात्र त्याच्यावर नजर असते ती परिचारिकेची. तरीही तिचे काम म्हणजे इंजेक्शन देणे, बेडपॅन लावणे आणि चार्ट भरणे, अशीच आपली समजूत आहे.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. पोटाच्या ऑपरेशनला एक दिवस झाला आहे. रुग्ण म्हणतो, ‘जरा कसंतरी होतंय.’ रक्तदाब १२० वर ८०, त्यामुळे नातेवाईक निश्चिंत. जाणती सिस्टर मात्र घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजते. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० असतो. तो २६-२८ झाला, नाडी ११० च्या पुढे गेली आणि साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मि.ली. लघवीही होत नसेल, तर आत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग सुरू झालेला असू शकतो. रक्तदाब बऱ्याचदा सर्वांत शेवटी कोसळतो. त्याची वाट पाहत बसले तर उशीर झालाच म्हणून समजा. दुर्दैवाने श्वासच सर्वांत कमी मोजला जातो. कित्येक चार्टवर सगळ्यांच्या नावापुढे ‘२०’ लिहिलेले दिसते. जणू साऱ्या वॉर्डाने एका तालात श्वास घ्यायचे ठरवले आहे!

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन आणि शुद्ध यांना गुण देण्याची पद्धत आणली. त्यातही एक गोष्ट स्पष्ट आहे. गुण काहीही सांगोत, रुग्णाची काळजी वाटली तर डॉक्टरांना बोलवावे.

सकाळचे इन्सुलिन कागदावर लिहिलेले असते, पण रुग्णाला पहाटेपासून उलट्या होत आहेत आणि नाश्ता तसाच पडला आहे. अशा वेळी कागद पाहून टोचणारी आणि आधी साखर तपासून डॉक्टरांना विचारणारी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजोबा रात्री अचानक बरळू लागले तर घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ सिस्टर त्यांची साखर आणि ऑक्सिजन पाहते, लघवी तुंबली आहे का ते तपासते. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल पडले आहे, हे ती पुन्हा पुन्हा पाहते ते उगाच नव्हे.

ही नजर पांढऱ्या गणवेशाबरोबर येत नाही. जीएनएमला तीन वर्षे, बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे घालवावी लागतात आणि त्यानंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. तालुक्याच्या गावी मात्र अनेक खासगी इस्पितळांत दहावी-बारावी झालेल्या मुलींना महिनाभर शिकवून ‘सिस्टर’ म्हणून उभे केले जाते. मुली कष्टाळू असतात, दोष त्यांचा नाही. पगार वाचवणाऱ्या आमच्याच व्यवसायबंधूंचा आहे, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. आपणही रुग्ण दाखल करताना खोलीला एसी आहे का ते विचारतो. रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका आहे का, हे विचारत नाही. जरूर विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही.

रात्री दोनला सिस्टरचा फोन आल्यावर ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ म्हणून खेकसणारे डॉक्टरही मला ठाऊक आहेत. पुढच्या वेळी ती बिचारी सकाळपर्यंत थांबते आणि भोगावे लागते रुग्णाला.

वाचकहो, रुग्णाजवळ बसणाऱ्यालाही काम आहे. ‘कालच्यापेक्षा आज बोलणं जड वाटतंय’, ‘दुपारपासून लघवी झाली नाही’, असे नेमके सांगा. घरच्या चालू गोळ्यांची पाकिटे आणि पूर्वी एखाद्या औषधाने पुरळ उठला असेल तर ती माहिती दाखल होतानाच सिस्टरला द्या. आणि लवकर घरी जायचे म्हणून सलाईनची चक्री आपल्या हाताने फिरवू नका. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर तेच पाणी फुप्फुसात साठते.