नाशिकला समुद्र नाही म्हणे!

गेल्या रविवारी मावशीकडे जेवायला बोलावणं होतं. जेवण हे निमित्त. खरं काम वेगळंच. मावसबहिणीला गोव्याला जाऊन सागरी विज्ञानात एम.एस्सी. करायचीय, समुद्र किती कार्बन गिळतो ते मोजायचंय, आणि तिला 'चार गोष्टी समजावायला' घरातला इंजिनिअर म्हणून मला बसवलं होतं. काकांचा सवाल एकच, "नाशिकला समुद्र आहे का? प्लेसमेंट सोडून पाणी मोजत बसणार?"

आणि मी काय सांगितलं? "आधी जॉब घे, दोन वर्षांनी बघू." परत येताना स्वतःचीच लाज वाटली. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, नाशिकला समुद्र आहे. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर पडतो तो मुख्यतः अरबी समुद्रच. गंगापूर धरण, कांदा, द्राक्षं, सगळं त्याच्या मर्जीवर. शिवाय आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा जगभरचे समुद्र पोटात घेतात. गंमत म्हणजे आपला अरबी समुद्र उलटा! पावसाळी वारे खालचं कार्बनने भरलेलं पाणी वर ओढतात, आणि वर्षाचा हिशेब केला तर तो कार्बन घेण्यापेक्षा सोडतो जास्त. हे १९९० च्या दशकात कुणीतरी जहाजावरून बाटल्या भरभरून पाणी तपासलं, म्हणून कळलं. घरबसल्या नाही.

दुसरी गोष्ट, लोहाफेक्स. किती जणांनी ऐकलंय? कल्पना अशी की दक्षिण महासागरात लोह कमी आहे. ते टाकलं की प्लवक वाढेल, कार्बन खाईल आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जाईल. प्रश्न मिटला! जानेवारी ते मार्च २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'पोलरस्टर्न' जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडून हे करून पाहिलं. नेतृत्व वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांचं. प्लवक वाढलं खरं, पण बारीक जीवांनी ते खाऊन टाकलं. तळाशी फारसं काही गेलंच नाही.

म्हणजे प्रयोग फसला? अजिबात नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगमध्ये बग सापडला. रिलीज व्हायच्या आधी. यापेक्षा चांगलं टेस्टिंग अजून काय असतं?

पर्यावरणवाल्यांनी तेव्हा आरडाओरड केली आणि जर्मन सरकारने काही दिवस काम थांबवून फेरतपासणी करून घेतली. माझ्या मते तेही बरोबरच झालं. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, त्यात काही ओतायचं तर विचारणारं कुणीतरी हवंच. पण विचारणाऱ्याच्या हातात आकडे नसतील तर त्या नुसत्या घोषणा. आज समुद्रात कार्बन जिरवून क्रेडिट विकायला कंपन्या निघाल्यात. तो खरंच जिरला का, हे कोण सांगणार? तुम्ही-आम्ही? आपण डॅशबोर्ड बनवू फार तर. त्यात भरायचा आकडा कुठून आणणार?

पैशाचं म्हणाल तर काकांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पुढे कायम नोकरी मिळेलच असं नाही, प्रोजेक्ट संपला की नवा शोधा. पण आपल्याकडे तरी कोण कायम आहे? बेंचवर बसलेल्याला विचारा.

आपली खरी अडचण पैसा नाहीये. 'मुलगी काय करते' याचं उत्तर लग्नात एका शब्दात देता येत नाही, ही आहे.

असो. माझा सल्ला मी मागे घेतलाय. तिला कालच फोन करून सांगितलं. काकांना सांगायला पुढच्या रविवारी जाणार आहे. जेवायला वाढतात का बघू :)