शेंद्रा ते सोल : सव्वासहा तास? कुठल्या विमानाने?

मंडळी, दोन शहरांमधलं अंतर आणि 'विमानाने लागणारा वेळ' सांगणारी पानं इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्यामागचा कोड मी झोपेतही लिहून देईन. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घ्या, पृथ्वीच्या गोलावरचं कमीत कमी अंतर काढा, ताशी ८५० ने भागा. संपलं! छत्रपती संभाजीनगर ते सोल : साधारण ५,३०० किलोमीटर, सव्वासहा तास. म्हणजे सकाळी शेंद्र्यात पोहे आणि रात्री सोलमध्ये जेवण. वा!

माझ्या मते हा आकडा नुसता चुकीचा नाही, चक्क लबाड आहे.

एक, ती कमीत कमी अंतराची रेषा गोलावर ओढून बघा. भूतानवरून आणि तिबेटच्या पठारावरून जाते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. खाली जमीनच त्याहून उंच असेल तर येणार कुठे? म्हणून विमान कंपन्या शक्यतो तो भाग टाळतात.

दोन, वारा. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह जाताना ढकलतो, येताना अडवतो. मग जायला आणि यायला एकच आकडा कसा?

तीन, आणि खरी गोम इथेच आहे. चिकलठाण्याहून सोलला थेट विमानच नाही! सोल ईशान्येला, आणि आपण आधी निघणार नैऋत्येला, मुंबईकडे. नाहीतर दिल्लीला. मग टर्मिनल बदला, इमिग्रेशनची रांग, पुढच्या विमानाची वाट. आपल्या भाषेत सांगायचं तर हा भूमितीचा प्रश्न नाही, ग्राफचा आहे. दोन नोड जोडणारी एजच नसेल, तर तिची लांबी मोजून काय उपयोग? घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत सहज वीसेक तास जातात. वर घड्याळ साडेतीन तास पुढे.

"अरे, एवढं काय मनावर घेतोस?" घेतो बुवा. कारण शेंद्र्याचं पोट बाहेरच्या जगावर चालतं. २००१ साली इथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला, २०१९ मध्ये ऑरिकमध्ये कोरियाची ह्योसंग आली. ही ये-जा वाढणारच. आणि कुठलातरी साहेब 'सव्वासहा तास' वाचून सोमवारी सकाळची मीटिंग ठरवणार. उरलेले तास कुठून येतात? आपल्या शनिवार-रविवारातून! त्याचा ना पगार, ना बदली रजा. आकडा स्क्रीनवरचा, सुट्टी आपली.

शहराचंही तेच. नकाशावरचं अंतर दाखवून शहर जवळ येत नाही. ते जवळ येतं पहाटेच्या एका जास्तीच्या विमानाने, मुंबई-दिल्लीच्या पुढच्या विमानांशी जुळणाऱ्या वेळापत्रकाने. मागायचं असेल तर हे मागा. नुसतं 'आंतरराष्ट्रीय' असं पाटीवर लिहून वेळ वाचत नाही.

आणि ऑफिसात? प्रवासाच्या अर्जावर 'विमानाचा वेळ' हा रकाना खोडा आणि 'दार ते दार' असा लिहा. खरे तास भरा, प्रवासाचा दिवस कामाचा दिवस म्हणून मागा. लाजू नका. तरीही कोणी सव्वासहा तासांचा हिशेब पुढे केला, तर शांतपणे एवढंच विचारा : साहेब, कुठल्या विमानाने?