कसोटी वाणाची आणि वनौषधीची

गव्हाचा नवा वाण शेतकऱ्याच्या हाती येण्याआधी साधारण तीन हंगाम चाचण्यांतून जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे ‘एमएसीएस ६२२२’ आणि ‘एमएसीएस ६४७८’ हे वाण याच वाटेने शेतात आले.

या चाचण्यांत तोच वाण अनेक केंद्रांवर पेरतात आणि त्याच्या शेजारी तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठी प्रचलित वाण, लावतात. गव्हाची वाढ थंडी, पाणी, जमीन आणि नत्र या सगळ्यांवर ठरते. एखाद्या वर्षी थंडी लांबली की साधा वाणही भरघोस पिकतो. म्हणून एका शेतातले उत्पादन पुरावा ठरत नाही. वाण तांबेरा रोगाला किती तोंड देतो, हेही मुद्दाम लागण करून पाहतात.

गव्हाच्या वाणाला अशी कसोटी द्यावी लागते; आता गुळवेल या वनौषधीकडे पाहू. २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून ती घरोघरी पोचली. तिच्यातील काही घटकांचा प्रतिकारपेशींवर परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण प्रतिकारशक्ती म्हणजे चेतवणाऱ्या आणि आवरणाऱ्या यंत्रणांचा समतोल. तो ढळला तर शरीर स्वतःच्याच पेशींवर हल्ला करू शकते. याला स्वप्रतिरक्षा विकार, म्हणजे ऑटोइम्यून आजार, म्हणतात.

२०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांनी अशाच ४३ रुग्णांची माहिती मांडली. अनेकांच्या यकृताची सूज स्वप्रतिरक्षा प्रकारची होती.

आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. गुळवेलीच्या जातकुळीतील दुसरी वेल चुकून वापरली गेली असेल, असे त्याचे म्हणणे होते. दोन्हींची पाने हृदयाकृती असतात. दुसरीच्या खोडावर ठळक गाठी असतात, पण चूर्ण झाल्यावर ही खूण उरत नाही.

रुग्णनोंदींनाही मर्यादा आहे. गुळवेल घेतलेल्या एकूण लोकांपैकी किती जणांना इजा झाली, हे त्यांतून कळत नाही. मात्र औषध निरुपद्रवी असल्याचा पुरावा म्हणून ही मर्यादा पुढे करता येणार नाही. त्यातच आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत नोंदलेल्या औषधांना त्याच उपयोगासाठी परवाना घेताना सुरक्षिततेची नवी चाचणी द्यावी लागत नाही. त्या ग्रंथांत वैद्य रुग्णाची प्रकृती पाहून मात्रा ठरवतो. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्यांना त्यांचा आधार लागू होत नाही.

म्हणून वनौषधींवरील संशोधनाला गव्हाच्या वाणाइतकी शिस्त हवी. कच्च्या मालाची वनस्पती म्हणून ओळख पटवावी, मात्रा निश्चित असावी, औषध न घेणाऱ्या गटाशी तुलना व्हावी आणि दुष्परिणामांची सक्तीने नोंद व्हावी. तोवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हा दावा वेष्टनावर छापू देऊ नये. ज्यांना यकृताचा किंवा स्वप्रतिरक्षा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.